पाचवीचे डोळे

गुलाबाची तोडणी उन्हं चढायच्या आत उरकावी लागते. उशीर झाला की कळी हातातच फुलते, आणि फुललेल्या गुलाबाला बाजारात कुणी विचारत नाही. त्या दिवशी मात्र तोडणी अर्ध्यावर थांबली, कारण बांधावर सासू-सुनेची जुंपली होती.

"तू येऊ नको म्हणलं ना एकदा," कलाबाई म्हणाली. तिनं पदर खोचला होता, हातात हळदी-कुंकवाचं ताट होतं. "सटवाईला मी एकटी जाऊन येते."

"पण आत्याबाई, परतिभाताईंच्या पोरीची पाचवी हाय. मी मामी हाय तिची. चार फुलं मी वाहिली तर काय बिघडलं?"

कलाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. शेजारच्या ओळीत सिंधुबाई पाटीत फुलं टाकत होती. तिचे कान हरणासारखे उभे आहेत हे दिसत असूनही कलाबाई बोललीच.

"बिघडलं म्हंजी? तुझ्या पोराचं असं झालंय. पाचवीच्या पूजेला तुझी सावली नको. उगं कशाला सटवाईला आठवण करून द्यायची?"

साधनाच्या बोटात काटा गेला. तिनं तो काढला नाही. रक्ताचा थेंब पाकळीवर पडला आणि गुलाबाच्या लालीत कुठं मिसळला ते कळलंसुद्धा नाही.

कलाबाई पाटाच्या कडेकडेनं ओढ्याकडं निघून गेली. सिंधुबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गिळलंस व्हय गं गपचिप? माझी सासू आसं म्हणली आस्ती तर मी तिच्या ताटातलं कुक्कू तिच्याच कपाळाला फासलं आस्तं."

"सासू हाय माझी, सिंधुताई."

"सासू हाय म्हणून तर. परकी आस्ती तर तिचं ऐकलं बी नसतं कुणी." तिनं पाटीतले चार टपोरे गुलाब साधनाच्या ओटीत टाकले. "जा. तिच्या मागनं जा, आन् तुझं तू वाहून ये. सटवाई काय तुझ्या सासूच्या माहेरची हाय का?"

साधना तिथंच उभी राहिली. बांधावर, लिंबाच्या सावलीत, पोत्यावर ओम बसला होता. दोन वर्षांचं पोर. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, डावा डोळा टपोरा उघडा. गुलाबाच्या देठाशी तो खेळत होता. देठ नेमका डाव्या डोळ्यासमोर धरायचा, लांब न्यायचा, परत जवळ आणायचा. आपल्याला किती दिसतं ते जणू तोच मोजून बघत होता.

साधना काम करताना गुणगुणायची. तिच्या आईचा गळा तिला आला होता, ओव्या मात्र तिच्या स्वतःच्या असायच्या. मुंबईहून आल्यापासून एकच ओवी तिच्या ओठावर यायची:

सटवाई गं बाई माझे, कशी मारलीस रेघ
कपाळ सोडूनिया, डोळ्यामंदी तुझी मेख

फाल्गुनातली गोष्ट. लाइट गेली होती, तिन्हीसांजा झाल्या होत्या. साधना चिमणी लावून ओटीवर आली, आणि ओमनं वर पाहिलं. त्याच्या उजव्या डोळ्यात पांढरं चमकलं. अंधारातल्या मांजरासारखं. चिमणी तिच्या हातातून पडली नाही इतकंच. ती ओरडली तशी कलाबाई आतून धावत आली, आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर तिनं चिमणी हिसकावून फुंकली.

"पोराच्या तोंडाम्होरं दिवा धरतात व्हय? नजर लागती दिव्याची."

हा घरातला जुना नेम होता. ओम जन्मल्यापासून त्याच्यासमोर कधी दिवा न्यायचा नाही. बाजेवर असताना साधनाला वाटायचं, असेल इकडची रीत. प्रत्येक घराची वेगळी. त्यावर कलाबाईचं काजळ. सकाळ-संध्याकाळ, जाड, बोटभर. काजळाच्या त्या काळ्या कुंपणात पोराचा डोळा कधी नीट दिसलाच नाही.

नाशिकच्या डॉक्टरानं एकदा बॅटरी मारली आणि मुंबईचं नाव काढलं. नवरा वाळू, साधना आणि ओम असे तिघं एसटीनं कसाऱ्याचा घाट उतरले. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीण भेटली, सुधाताई. मूळची येवल्याची. तिचं बोलणं ऐकलं आणि साधनाच्या छातीवरचा निम्मा धोंडा उतरला. निम्माच. कारण त्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती.

"डोळ्याचा कॅन्सर आहे. दोन्ही डोळ्यांत. उजव्यात सगळं भरलंय, तो काढावाच लागेल, नाहीतर मेंदूकडं जाईल. डाव्यात गाठ अजून लहान आहे. तो वाचवायचा प्रयत्न करू."

"औषधानं?" वाळूनं विचारलं.

"औषधानंच. पण सलाईनमधून सगळ्या अंगात सोडायचं नाही. तुम्ही गुलाबाला पाणी कसं देता?"

"ठिबकनं."

"मग तुम्हाला समजेल. पाटानं पाणी सोडलं तर सगळं रान भिजतं, बांध भिजतो, तण माजतं, आणि मुळाला जायचं ते थोडंच जातं. इथं आम्ही मांडीच्या शिरेतून केसासारखी बारीक नळी घालतो. ती पोटातून, छातीतून, मानेतून वर, थेट डोळ्याच्या शिरेच्या तोंडापर्यंत नेतो, आणि औषध तिथंच थेंबथेंब सोडतो. अंगाला त्रास कमी, गाठीला मार जास्त. आपल्याकडं हे नवं आहे. होईलच असं वचन देत नाही. पण आशा आहे."

मग तिनं वाळूकडं निरखून पाहिलं. वाळूचा डावा डोळा काचेचा होता.

"हा कशानं गेला?"

"बैलानं. ल्हान होतो तवा. पाखऱ्या म्हणून बैल होता आमचा, त्यानं शिंग मारलं."

"नक्की? घरात आणखी कुणाला डोळ्याचं काही? भाऊ, बहीण, कुणी लहानपणी गेलेलं?"

"न्हाय बा. काय नाय."

ती आणखी काही विचारणार होती, पण ओम रडायला लागला. उजवा डोळा गेला. डाव्यासाठी नळीचं औषध सुरू झालं. ओमला भूल देऊन आत नेत, आणि साधना बाहेरच्या बाकड्यावर पदराचा कोपरा चावत बसे. मनातल्या मनात ती त्या नळीबरोबर पोराच्या अंगातून वर चढत जाई. मांडी, पोट, काळीज, गळा. काळजापाशी आली की थांबे. तिथून पुढं जायला तिला धीर होत नसे. दुसऱ्या खेपेनंतर सुधाताई म्हणाली, "गाठ आकसतेय." साधनानं तिच्या पायाला हात लावला, आणि तिनं झटकन पाय मागं घेतला.

आणि आता इथं, बांधावर, सासू म्हणते तुझी सावली नको.

साधनानं ओमला सिंधुबाईपाशी ठेवलं आणि ओढ्याची वाट धरली.

सटवाईचं ठाणं ओढ्याकाठी उंबराखाली. चार धोंडे, त्यांना शेंदूर. झाडलोट करायला म्हातारी नवसाबाई. साधना पोचली तेव्हा कलाबाई वरच्या वाटेनं घराकडं परतताना पाठमोरी दिसली. ठाण्यावर उदबत्ती जळत होती. हळद, कुंकू, भाताचा मुटका. आणि मुटक्यापाशी शेंदरावर चिकटवलेले दोन चांदीचे डोळे, नखाएवढे.

साधना बघत राहिली.

डोळे वाहायची रीत तिला नवी नव्हती. डोळे आले, डोळ्यात फूल पडलं की माणसं देवीला चांदीचे डोळे बोलतात. हात मोडला की हात, पाय मोडला की पाय. पण ज्या पोरीला पाच दिवसांत अजून डोळे नीट उघडता आले नाहीत, जिच्या डोळ्याला काही झालेलं नाही, तिच्यासाठी?

"नवसाबाई, हे डोळे आत्याबाईंनी वाह्यले?"

म्हातारी केरसुणीवर रेलली. "मग आणखी कोन वाहील? तुझ्या सासूचा नेम लय कडक हाय बाई. घरात पाळणा हालला की पाचवीला डोळे आलेच म्हणून समज. तुझ्या पोराच्या पाचवीला बी आली व्हती. परतिभाच्या टायमाला बी. वाळूच्या टायमाला तर रडत आली व्हती बिचारी."

"वाळूच्या? त्यांना तर बैलानं मारलं. ते तर मागनं."

"ते मी कुठं म्हणते." म्हातारी खाली बसली. बसल्यावर तिला बोलायला बरं वाटायचं. "वाळूच्या आधी एक व्हता ना. थोरला. लय गोरापान. त्याचा डोळा आसा आला भाईर, आसा. आम्ही म्हणलं देवीचा कोप झाला. तवा डोळे वाह्यले नव्हते म्हणून झालं, आसं तिनं मनावर घेतलं. त्यो गेला, आन् मंग ह्यो झाला. म्हणून तर वाळू नाव ठेवलं. गेलेल्याच्या पाठीवर आलेल्याचं नाव दगड-माती, म्हंजी देवाची नजर जात नाय. तुला नाय सांगितलं कुणी?"

कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं त्या नावानं ती नवऱ्याला मनातल्या मनात हाक मारत होती, आणि त्या नावाखाली एक पोर पुरलेलं आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ओटीतले गुलाब तसेच राहिले. ती कशी घरी आली ते तिलाही सांगता आलं नसतं.

प्रतिभा आतल्या खोलीत बाजेवर, कुशीत पोर. कलाबाई चुलीपाशी. वाळू ओटीवर फुलांच्या पाट्या मोजून बांधत होता. साधना उंबऱ्यात उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं वाळू नंतर म्हणाला.

"आत्याबाई, यांच्या आधीचं तुमचं पोर कशानं गेलं?"

चुलीतलं लाकूड ओढता ओढता कलाबाईचा हात थांबला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कशानं गेलं?"

"तापानं."

"डोळा भाईर आला व्हता म्हणं."

वाळू आत आला. "कोन पोर? आई, कुणाचं बोलती ही?"

कलाबाईनं पदरानं तोंड पुसलं, घाम नव्हता तरी.  मग जाळालाच सांगावं तशी ती बोलायला लागली.

"पहिला गेला. डॉक्टर म्हणला व्हता डोळा काढा. तुझा बाप म्हणला, आंधळं पोर सांभाळून काय करू. सहा महिन्यांत गेला. मग तू झालास. तुझ्या डोळ्यात बी तेच चमकलं. मी तुझ्या आबांना सांगितलंच नाय. माहेरी गेले, दिंडोरीला, भावाला घेतलं, आन् डोळा काढून आणला. माझं पोर जगलं. मी जगवलं."

"मग पाखऱ्या?" वाळूनं विचारलं.

कलाबाईनं लाकूड आत सारलं.

"आई, पाखऱ्यानं शिंग मारलं व्हतं ना मला?"

"लोकांना काय सांगायचं व्हतं मी? घराला डोळ्याची कीड हाय म्हणून? तुला पोरगी कुणी दिली आस्ती? परतिभाला कुणी नेली आस्ती? बैलानं मारलं म्हणलं की कुणी पुढं इचारत नाय."

वाळू भिंतीला टेकून खाली बसला. त्याला पाखऱ्या आठवत नव्हता. पण आयुष्यभर तो बैलाच्या दावणीला गेला नव्हता. सगळं रान त्यानं भाड्याच्या ट्रॅक्टरनं केलं, कारण बैल समोर आला की तो वाट सोडून बांधावर चढायचा. आणि पोळ्याला, घरात बैल नसल्यामुळं मातीच्या बैलाची पूजा व्हायची, तेव्हा पुरणपोळीचा पहिला घास त्या बैलाला आई स्वतः भरवायची, डोळ्यांत पाणी आणून. सगळे म्हणायचे, बघा, ज्यानं पोराचा डोळा घेतला त्या जातीला बी हिनं माफ केलं.

"त्याला घोटीच्या बाजारात इकलं ना तुम्ही," वाळू म्हणाला. "आबा सांगायचे, इकताना त्यानं मागं वळून बघितलं म्हणून. काय केलं व्हतं गं त्यानं?"

"काय नाय." कलाबाईचा आवाज पहिल्यांदा फाटला. "लय गरीब जनावर व्हतं."

साधनाला हे सगळं लांबून ऐकू येत होतं. तिच्या मनात दुसराच हिशेब चालला होता, आणि तो एकेक करून जुळत होता. दिव्याला बंदी. काजळाचा थर. चिमणी फुंकणं. हिला सगळं माहीत होतं, म्हणून ही बाई पोरासमोर दिवा आणू देत नव्हती. चमकलं तर दिसेल म्हणून.

"तुम्हाला दिसलं व्हतं," ती म्हणाली. "ओमच्या डोळ्यात. मला दिसायच्या आधी."

"न्हाय. शप्पत न्हाय. मी बघितलंच नाय." कलाबाईनं हात जोडले. "मी बघायचंच टाळलं गं. बघितलं आसतं तर..."

"तर त्याचा डोळा वाचला आस्ता."

 बाहेर सिंधुबाई ओमला घेऊन आली होती. घरातली हवा बघून तिनं त्याला हळूच ओटीवर सोडलं आणि आल्या पावली गेली.

"माझ्या बापाला तुम्ही बैल सांगितला," साधना म्हणाली. "तो म्हणला, शेतकऱ्याला बैल लागतोच, त्यात काय लाज. तुमच्यावर इश्वास ठेवला त्यानं. मी ठेवला. पोराला काजळ घालायला तुमच्या मांडीवर देत व्हते मी. आन् सकाळी मला म्हणता तुझी सावली नको."

"मी चांदीचे डोळे वाह्यले व्हते त्याच्यासाठी," कलाबाई म्हणाली. तिला हे खरंच पुरेसं वाटत होतं. हेच सगळ्यांत वाईट होतं.

इतका वेळ प्रतिभा आतून ऐकत होती. ती उठली. पाचव्या दिवसाची बाळंतीण, भिंत धरून दारात आली, पोर छातीशी.

"वहिनी, हिला पण होईल का?"

"होईलच आसं नाय. पण बघायला पाहिजे. आत्ताच."

कलाबाई तिच्या आडवी आली. "परतिभे, बारसं तरी होऊ दे. सिन्नरची माणसं येत्यात. तुझ्या सासूला कळलं तर तुला नांदवायची नाय. बाळंतीण उंबरा वलांडत नाय सव्वा महिना. साधने, तुझ्या पाया पडते, हिच्या संसारात बिबा घालू नको. तुझं व्हायचं ते होऊन गेलं."

तुझं व्हायचं ते होऊन गेलं. साधनानं मनाशी ते एकदा म्हणून बघितलं. मग ती प्रतिभाकडं वळली आणि फक्त एवढंच म्हणाली, "बुधवारी ओमला न्यायचंय. जीपमदी जागा हाय."

प्रतिभानं आईकडं पाहिलं. लहानपणी ताप आला की ज्या हातानं कपाळ थोपटलं, तो हात तिच्या वाटेत आडवा होता. तिनं तो हात बाजूला केला. जोर लावावा लागला नाही.

"सिन्नरला मी सांगीन," ती म्हणाली. "बैल नाय सांगायची."

मुंबईत सुधाताईनं त्या चिमुकलीचे डोळे बघितले. डाव्या डोळ्यात कडेला तिळाएवढा ठिपका निघाला. "इतका लहान सापडणं म्हणजे नशीब," ती म्हणाली. "याला नळीचीसुद्धा गरज नाही, लेसरनं जाईल. तपासत राहायचं, पण दोन्ही डोळे राहतील." प्रतिभा रडत रडत साधनाच्या गळ्यात पडली. साधनानं तिला धरलं. तिला आनंद झाला, खोटा नाही. पण तिची नजर ओमच्या पट्टीवर गेली.

"ओमला असा आणला असता, पाचव्या-सहाव्या दिवशी, तर?" तिनं विचारलं.

 सुधाताईनं ओमच्या केसांतून हात फिरवला. साधनाला उत्तर मिळालं.

सिन्नरकरांनी पहिला महिना तोंड वाकडं केलं. बारसं झालं ते फार थोड्या माणसांत. पण प्रतिभाचा नवरा दुसऱ्या खेपेला स्वतः मुंबईला आला, आणि परत जाताना वाळूला म्हणाला, "पाव्हणं, खरं सांगितलंत हे बरं केलं." वाळूनं मान हलवली. खरं सांगणारा तो नव्हता, हे त्याला माहीत होतं.

घरात कुणी कलाबाईशी भांडलं नाही. ताटं वाढली गेली, पाणी तापलं, गुलाब तोडले गेले. पण साधनानं तिला ओमला काजळ घालू दिलं नाही, आणि तिन्हीसांजेला दिवा मुद्दाम ओटीवर आणून ठेवायला लागली. कलाबाई दिव्याच्या उजेडात फार वेळ बसेनाशी झाली.

श्रावणाची अवस आली. पोळा. ढगानं दिवस झाकोळला होता, वेशीतून दुसऱ्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. पाटावर मातीची बैलजोडी मांडली. कलाबाईनं पुरणपोळीचं ताट आणलं, नेहमीसारखं.

"दे इकडं," वाळू म्हणाला. "आज मी दावतो निवद."

त्यानं पोळीचा तुकडा मोडला आणि मातीच्या बैलाच्या तोंडाला लावला. मग बोटानं त्याचं शिंग चाचपलं, एकदा हे, एकदा ते. कुणाला तरी दुखलं का, असं विचारावं तसं. नंतर त्यानं डोकं जमिनीला टेकलं आणि उठायला वेळ लावला.

ओम ओटीच्या टोकाला बसला होता. त्यानं बोट उचललं.

"बैल," तो म्हणाला.

बारा हात लांबून. मूठभर मातीचा बैल. साधनानं त्या डाव्या डोळ्याकडं पाहिलं, स्वच्छ, काळाभोर, पाण्याखालच्या गारगोटीसारखा. 

कलाबाई पदराआड गुळाचा खडा लपवून नातवाकडं निघाली. पट्टी सुटली होती, त्या जागी आता वाळूसारखीच काच होती. ती उजवीकडून आली, भिंतीच्या कडेनं. गेला महिनाभर ती उजवीकडूनच यायची. तिकडून त्याला काही दिसत नसे, त्याच्या हातात खडा ठेवून परत जाता येई.

"आत्याबाई," साधना म्हणाली.

कलाबाई थांबली.

"इकडनं या. डावीकडनं. तिकडनं त्याला दिसतं."

वेशीतले घुंगरू वाजतच होते. कलाबाईच्या मुठीत गुळाचा खडा पाघळत होता. मग ती ओटीला वळसा घालून, पाय ओढत, पोराच्या डाव्या बाजूला आली आणि त्याच्यासमोर खाली बसली. ओमनं मान वर केली, आणि आपल्या आजीकडं टक लावून बघायला लागला.